पाण्याच्या चालीनं

माझ्या सासऱ्यांची सायकल घरात राहणार की भंगारवाल्याकडे जाणार, याचा निकाल लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत बाई आहे. आमच्या घरात कुणाला पास-नापास करायचं असलं की सगळे माझ्याकडे बघतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं शिकवते आणि आजवर एकही पोर नापास केलेलं नाही, हे कुणाच्या लक्षात नसतं.

मामा, म्हणजे माझे सासरे, तीस वर्षं कॅनालवर पाटकरी होते. कॅनालचं पाणी कुणाच्या शेतात कधी जाणार आणि किती वेळ जाणार, हे पाटकऱ्यानं बघायचं. आमचं घर भोकरच्या रस्त्याला, गावाच्या कडेला आहे आणि हायवे ओलांडला की पलीकडे तो कॅनाल. आता त्याच्यात पाणी नसतं. तलावाचं पाणी प्यायला राखून ठेवलं गेलं, ते पाइपनं जायला लागलं आणि अठरा किलोमीटरचा कॅनाल कोरडा पडला. त्याच सुमारास मामा रिटायर झाले. पण त्यांची सायकल काही रिटायर झाली नाही. रोज सकाळी चहा झाला की काळी बावीस इंची सायकल काढायची, हायवे ओलांडायचा आणि कोरड्या कॅनालच्या भरावावरून चार-पाच किलोमीटर जाऊन यायचं. कुठं गेला होता विचारलं तर म्हणायचे, "लाइन बघून आलो."

गेल्या पावसाळ्यात दोन गोष्टी झाल्या. मामांना काचबिंदू आहे असं नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. समोरचं नीट दिसतं, पण बाजूची नजर जात चालली आहे, उजवीकडची जास्त, आणि गेली ती परत येत नाही. थेंब घालून उरलेली सांभाळायची. त्यानंतर पंधरा दिवसांत हायवेवर एका टेम्पोचा आरसा मामांच्या कोपराला घासून गेला. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

माझे मिस्टर तसे शांत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "बाबा, आता बस झालं. ह्याच्याफुडं सायकल न्हाई म्हंजे न्हाई."

मामांनी वाद घातला नाही. ते ओट्यावर बसायला लागले. मला त्या बसण्याचीच भीती वाटली. आमच्या गल्लीत एक रिटायर तलाठी आहेत, तेही असेच एक दिवस ओट्यावर बसले ते बसलेच. आता कुणी हाक मारली तरी ओ देत नाहीत. मामांना तसं बघायची माझी तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर, दिवसभर घरात बसून मी भाजीत तेल किती ओतते यावर ते लक्ष ठेवायला लागले होते, हेही होतंच.

म्हणून मीच तोडगा काढला. मामांनी एकदा कॅनालची अख्खी लाइन, तलावापासून टेलपर्यंत, सायकलवर जाऊन दाखवायची. टेल म्हणजे कॅनालचं शेवटचं टोक. वाटेत चार ठिकाणी रस्ते आडवे येतात, तिथं मामांना येणारी-जाणारी गाडी दिसते की नाही, ते मी सोबत राहून बघायचं. दिसली तर सायकल राहील. नाही दिसली तर मामा स्वतःच्या हातानं ती देऊन टाकतील. मामांनी लगेच होकार दिला. मिस्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमी दोघं एकाच पार्टीचे. पण खरं खरं सांगायचं, बरं का."

मी मान हलवली.

माझ्यासाठी शाळेतल्या एका मॅडमची गिअरची सायकल मागून आणली. ती त्यांनी वजन कमी करायला घेतली होती आणि दोन वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत होते. दसरा होऊन गेला होता, दीक्षाभूमीला गेलेली आमच्या गल्लीतली माणसं परत आली होती. पुढच्या रविवारी सकाळी मिस्टरांनी दोन्ही सायकली त्यांच्या टेम्पोत घालून आम्हाला तलावावर सोडलं. दुपारी तीनला टेलला येतो म्हणाले आणि गेले.

भरावावरचा रस्ता मुरमाचा, बैलगाडी जाईल एवढा रुंद. डाव्या हाताला कॅनाल, उजव्या हाताला शेतं. मी ह्या गावात नांदायला आले त्याला बावीस वर्षं झाली, आणि इतकी वर्षं तो कॅनाल म्हणजे माझ्या लेखी गाजरगवताचा खड्डा होता. त्या सकाळी पहिल्या दोन किलोमीटरातच माझी मला लाज वाटली. तरवड पिवळाधमक फुलला होता. तारेवर ओळीनं वेडे राघू बसले होते. एका ठिकाणी कुणीतरी कॅनालच्या पोटातच झेंडू लावला होता, कारण तळाला साचलेला गाळ म्हणजे फुकटचं खत. दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि मध्ये लांबच लांब केशरी झेंडू. पुढे कॅनालचा सिमेंटचा तुकडा होता, तिथं सोयाबीन वाळत घातलं होतं, पार भरावावरच्या रस्त्यापर्यंत पसरलेलं. राखणीला बसलेली बाई ओरडली, "ओ, उतरून जा! दाण्यावरून नका नेऊ!" मामा उतरले. ती बाई मामांकडे बघून लगेच वरमली आणि म्हणाली, "अगं बया, पाटकरी हाय का. जयभीम. ऱ्हाऊ द्या, जावा बसून."

"न्हाई, उतरूनच जातो," मामा म्हणाले आणि सायकल कडेकडेनं ढकलत नेली.

मी मात्र सारखी पुढे जात होते. गिअरची सायकल दोन पायडल मारले की पळायची. मागे वळून बघावं तर मामा पार लांब, इतके हळू की सायकल उभी आहे की चालली आहे ते कळू नये. तीन-चारदा थांबून वाट बघितल्यावर माझा स्वभाव वर आला.

"मामा, चला की जरा! दम लागला का?"

"दम न्हाई लागला. पाण्याच्या चालीनं चालून राहिलो मी."

मग त्यांनी सांगितलं. कॅनालला हंगामात महिन्या-महिन्यानं पाणी सुटायचं, त्या एकेका सुटण्याला पाळी म्हणायचं. सुटलं की पाटकऱ्यानं पाण्याचं तोंड धरून चालायचं. तोंड म्हणजे कोरड्या कॅनालातून सरकत येणारी पाण्याची पहिली कड. ती फेस, पाला, काटक्या घेऊन येते. तिच्या पुढे उंदीर, सरडे, विंचू पळत सुटतात आणि वर बगळे घिरट्या घालतात. ह्या पाण्याच्या थोडं पुढे राहायचं. कॅनालात कुणाची म्हैस बसलेली असेल तर हाकलायची, पोरं खेळत असतील तर बाहेर काढायची, कुठं भराव गळतोय का बघायचं. पाणी माणसाच्या चालीनंही चालत नाही, त्याच्याहून हळू चालतं. मग सायकल तेवढीच हळू चालवायला शिकायचं, पाय न टेकता.

"उतरून चालत का नाही गेलात?" मी विचारलं.

"सायकलवर बसलं की उंचावरून तळ दिसतोय ना. चालत गेलं तर निसती कड दिसते."

आणि हायवेवर ते ट्रकवाल्यांच्या शिव्या का खातात, हे मला तेव्हा समजलं. तीस वर्षं अंगात मुरलेली ती चाल ते हायवेवरही बदलत नव्हते. मी त्यांच्यासारखं चालवून बघितलं. शंभर पावलांत चारदा पाय टेकला आणि पाचव्यांदा सायकलसकट तरवडात गेले. मामा शेजारून संथ निघून गेले. हसले नाहीत, पण त्यांची पाठ हसत होती.

पुढे चालताना प्रत्येक दाराची त्यांच्याकडे एक गोष्ट होती. दार म्हणजे कॅनालमधून शेताकडे पाणी काढायची लोखंडी झडप. आता झडपा चोरीला गेल्या आहेत आणि नुसत्या खाचा उरल्या आहेत, पण मामांना नंबर पाठ. ह्या दारात नाग राहायचा. त्या दारावर दोन सख्ख्या भावांची डोकी फुटली. सात नंबरच्या दारावर एका बड्या शेतकऱ्यानं मामांची सायकल उचलून वाहत्या कॅनालात फेकली होती. नियम असा की पाणी आधी टेलला न्यायचं आणि मग मागे मागे येत दारं उघडायची. नाहीतर सुरुवातीचे लोक सगळं पिऊन टाकतात आणि शेवटच्याला ओल पण मिळत नाही. त्या शेतकऱ्याला आधी हवं होतं. मामांनी दार उघडलं नाही.

"मग सायकल?"

"ती गेली वाहत. मी मागून चालत. सा किलोमीटरवर मोरीच्या जाळीत आडकली व्हती. काढली, चेन बशिवली अन् टेल गाठला." मग म्हणाले, "त्या पाळीला सायकल माझ्याआधी फुडं गेली."

पुढे त्याच मोरीवर बसून आम्ही पाणी प्यालो. मामांनी घरून आणलेली बाटली काढली. मला आठवलं, नोकरीत असतानाही ते घरचं पाणी घेऊन जायचे. ज्याच्या ताब्यात एवढा कॅनाल, त्यानं खांद्यावर पाण्याची बाटली लावून जायचं, याची मी नव्या नवरीपणी फार गंमत करायची. आज विचारलं, की शेतात कुणी पाणी देत नव्हतं का?

"आधी देत नव्हते," मामा म्हणाले. "मंग द्यायला लागले, तवा मी घेत नव्हतो. येका घरचं पानी पेलं की दुसरा म्हणतो, पाटकरी त्याचा हाय."

ते अगदी सहज बोलले. मी ह्या माणसाच्या हातचा चहा बावीस वर्षं पिते आहे आणि त्यांच्याविषयी मला काय माहीत होतं? एवढंच, की चहात साखर जास्त टाकतात.

तोवर दोन रस्ते ओलांडून झाले होते. पहिल्या रस्त्यावर मामांनी आधीच उतरून, मान दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघितलं होतं. दुसऱ्यावरही. मी मनातल्या मनात मार्क देऊन टाकले होते. तिसरा रस्ता ऊन चढल्यावर आला. धर्माबादच्या बाजूला जाणारा डांबरी रस्ता, कडेला तुरीचं उंच पीक. मामा पुढे होते आणि काहीतरी सांगत होते, पुढच्या दाराची गोष्ट. त्यांचं लक्ष नेहमीसारखं डावीकडे, कोरड्या कॅनालच्या तळाकडे. उजवीकडून सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर आला. मला दिसला. मामा बोलतच पुढे चालले होते. मी माझी सायकल टाकून दिली, पळत जाऊन त्यांच्या सायकलचं कॅरियर दोन्ही हातांनी धरलं आणि मागे ओढलं. ट्रॅक्टर समोरून गेला, ट्रॉलीच्या चाकाची धूळ आमच्या तोंडावर. ड्रायव्हर मागे वळून काहीतरी ओरडला.

मामांनी पाय टेकला होता. न उतरता, नुसता तोल सावरायला टेकलेला त्या दिवसातला पहिलाच.

"दिसला व्हता मला," ते म्हणाले.

मी मागे जाऊन माझी टाकलेली सायकल उचलली, हँडल सरळ केलं आणि आम्ही रस्ता ओलांडला. पुढे टेलपर्यंत चार किलोमीटर उरले होते. चौथा रस्ता रिकामा होता. त्या चार किलोमीटरांत मी ठरवून टाकलं की घरी सांगायचं नाही. सांगितलं असतं तर हा माणूस पुन्हा ओट्यावर बसला असता, आणि ते माझ्याच जबानीनं. रोज मी त्यांच्यासोबत हायवेपर्यंत जाईन, कुठून तरी लक्ष ठेवेन, काहीतरी करेन. खोटं बोलायला माणूस स्वतःला काय काय पटवून देतो!

टेलला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मी काहीतरी भव्य असेल अशी कल्पना केली होती. तिथं कॅनाल अरुंद होत होत गुडघाभर खोल चारी होतो आणि एका लिंबाच्या झाडाखाली संपतो. झाडाखाली एक म्हातारी ओल्या भुईमुगाच्या शेंगा वेलावरून तोडत बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि उठूनच उभी राहिली.

"पाटकरी! आवं, पानी सोडलंय का काय?"

"न्हाई मावशे. निसताच आलो. ही सून माझी."

तिनं आम्हाला बसवलं, पुढ्यात शेंगांचा ढीग केला. मामांनी शेंग फोडली आणि खाल्ली. म्हातारी माझ्याशी बोलत होती. तिचं शेत शेवटचं. वरचे लोक पाणी तोडायचे, आणि एकदा तर गहू डोळ्यांसमोर वाळला. मग मामांची ह्या लाइनवर बदली झाली. "ह्यो आदल्या दिशी सायकलीवर येऊन सांगायचा, मावशे, उद्या चार वाजता पानी लागंल. मी चारला फावडं घेऊन हुबी राहायची अन् चारला पानी यायचं. दुसरे लई पाटकरी बघितले बाई, सकाळ म्हणायचे अन् रात करायचे. ह्या मान्सानं मला कदी खोटा टाइम सांगितला न्हाई."

मला ऐकून इतका अभिमान वाटला की मी मामांकडे बघितलं. ते हातातली शेंग न फोडता तशीच धरून बसले होते. नंतर त्यांनी एकही खाल्ली नाही.

तीनला टेम्पो आला. मिस्टर उतरले, आधी बापाला वरपासून खालपर्यंत बघितलं, कुठं खरचटलं आहे का ते, आणि मग मला विचारलं, "काय निकाल, बाई?"

"पास," मी म्हणाले. "फर्स्ट क्लास."

"नापास लिव्ह," मामा म्हणाले.

ते उठले. सायकल झाडाला टेकवली होती, ती घेऊन मुलासमोर आणली. "तिसऱ्या रस्त्याला ट्रॅक्टर आला उजव्या अंगानं. मला दिसला न्हाई. हिनं कॅरियर धरून वढलं म्हून हितं हुबा हाय. अन् वरून हिला म्हणलो, दिसला व्हता. ते खोटं बोललो मी." त्यांनी हँडल मुलाच्या हातात दिलं. "घे."

मिस्टरांनी हँडल धरलं पण टेम्पोकडे वळले नाहीत. एका हातानं सायकल धरून ते टेम्पोच्या टायरला लाथ मारून हवा बघायला लागले. हवा ठीक होती. मी जमिनीकडे बघत होते. मामांनी माझ्या खोटेपणाचा एका शब्दानं उल्लेख केला नाही, सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. वर्गात एखादं पोर असं उभं राहून बोललं असतं तर मी त्याला जवळ घेतलं असतं. सासऱ्यांना कसं जवळ घेणार?

"येक इचारतो," मामा म्हणाले. मुलाला नाही, मला. "आपल्याकडनं कॅनालवर चढलं की फुडच्या रस्त्यापस्तोर साडेचार किलोमीटर हाय. मधी येक बी गाडी आडवी येत न्हाई. तेवढंच जाईन अन् तिथनंच माघारी फिरीन. हायवे तेवढा मला वलांडून देत जाशील का?"

बावीस वर्षांत मामांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. पाणीसुद्धा स्वतः उठून घेतात. त्यांना हे मागायला किती जड गेलं असेल, ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. "हाव," मी म्हणाले. मिस्टरांनी सायकल टेम्पोत चढवली ती हळू, खाली पोतं अंथरून.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी, साडेसहाला आम्ही दोघं हायवेच्या कडेला उभे राहिलो. मध्ये सायकल. मी हँडल धरलं, मामांनी सीट. ट्रक गेले, उसाच्या तोडीवाल्यांचा एक ट्रॅक्टर गेला, एक एसटी गेली. थोडी मोकळीक दिसली तशी मी "चला" म्हणाले आणि आम्ही निघालो. अर्ध्यात आल्यावर मामांकडे बघितलं तर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"मामा, डोळे उघडा की!" मी ओरडलेच.

"उघडे ठिवले तर अर्धंच दिसतंय," ते चालता चालता म्हणाले. "तू पुरं बघून राहिलीस ना."

मी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं आणि त्यांना पलीकडे नेलं.